एका खाडीकांठचीं पांच घरें

शाळेंत नवीन मूल दाखल होतें, तेव्हां त्याच्या घरच्यांकडून एक छापील अर्ज भरून घेतात. मुलाचें नांव, बापाचें नांव, बापाचा धंदा, राहण्याचें ठिकाण, आणि सर्वांत खालीं पालकाची सही. अर्ज साधा आहे. परंतु ज्यानें तो प्रथम तयार केला, त्याच्या डोळ्यांपुढें एक विशिष्ट घर होतें, हें आम्हांस पुष्कळ दिवसांनीं उमगलें. त्या घरांत बाप सकाळीं कामास जातो व सायंकाळीं परत येतो, आई स्वयंपाक करिते, मुलें दिव्यापाशीं अभ्यास करितात, आणि सही मागितली कीं ती त्याच रात्रीं मिळते. असें घर कोठेंच नसतें असें नाहीं. परंतु म्हसळ्याच्या आसपास इतकीं वर्षें मुलांस शिकविल्यावर आमचा अनुभव असा आहे कीं, ह्या नमुन्याचें घर थोड्याच अर्जांत सांपडतें.

आमच्या हातून एकदां एक चूक झाली. ती येथें सांगणें अवश्य आहे. कारण हा लेख त्या चुकींतूनच निघाला आहे. सातवीच्या वर्गांतील एक मुलगा ओळीनें तीन दिवस सहीवांचून प्रगतिपुस्तक घेऊन आला. त्यावर 'वडिलांची सही' असें छापिलेलें होतें. तिसऱ्या दिवशीं आम्हीं त्यास वर्गाबाहेर उभें केलें, व घरांत कोणास शिस्त ठाऊक नाहीं काय, असें साऱ्या मुलांदेखत विचारिलें. चवथ्या दिवशीं त्याची आजी डोकीवरचा पदर सांवरीत तीन मैल चालून शाळेंत आली. ती म्हणाली, "मास्तर, ह्याचा बाप जहाजावर आहे. आठ महिने झाले. सही करणारा पाण्यावर, मी घरांत. माझा अंगठा चालत असेल तर आतां घ्या." आम्हीं अंगठा घेतला व तिची क्षमाहि मागितली. तिनें ती हंसून दिली. मुलगा मात्र त्यानंतर कित्येक दिवस आमच्याकडे वर मान करून पाहत नसे.

ज्या घराची रीति आपल्या घरासारखी नाहीं, त्या घरांत रीतिच नाहीं, असें मानण्याची खोड शिक्षकांस असते, विद्यार्थ्यांस असते आणि पालकांसहि असते. म्हणून ह्या अंकांत आम्हीं आपल्याच परिसरांतील निरनिराळ्या समाजांचीं कुटुंबें कशीं चालतात, व तशींच कां चालतात, ह्याचा थोडा विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम भूमि पाहूं. राजपुरीच्या खाडीचा एक फांटा आंत शिरून म्हसळ्यापर्यंत येतो. खाडीच्या कडेला चिखल व खारफुटी, तिच्यावर भाताचीं लहान लहान खाचरें, आणि त्यांच्या मागें लगेच डोंगर. पाऊस चार महिने कोसळतो व उरलेले आठ महिने बहुतेक पाण्यावांचून जातात. डोंगरांतून तो पाणी साठवूं देत नाहीं, उताराला धांवत खाडींत जातो. म्हणून भाताचें एक पीक निघतें. दुसरें काढण्याइतकी ओल फार थोड्या शेतांत राहते. त्यांत जमिनीचे तुकडे लहान. कोंकणांत खोतीची पद्धति होती, आणि कसणाऱ्या कुळाच्या पदरीं पिकाचा पुरता वांटा पडत नसे. कुलाबा जिल्ह्यांतील चरी गांवच्या शेतकऱ्यांनीं नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालीं १९३३ पासून सुमारें सहा वर्षें जमिनी न कसण्याचा संप केला, तो ह्याच जाचामुळें. खोती कायद्यानें रद्द होण्यास १९४९ साल उजाडावें लागलें. आपला म्हसळा महाल त्या काळीं इंग्रजी मुलखांत नसून सिद्दी नबाबाच्या जंजिरा संस्थानांत होता. तें संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें, कुलाबा जिल्ह्यास आपला तालुका मिळाला, व त्या जिल्ह्याचें नांव १९८१ सालीं रायगड झालें. राज्यें बदललीं, नांवें बदललीं. परंतु खाचरांतलें भात वर्षभर पुरत नाहीं, ही गोष्ट बदलली नाहीं.

सारांश, ह्या खाडीकांठच्या प्रत्येक समाजापुढें गरिबीनें एकच प्रश्न टाकिला: घर येथें राखावयाचें आणि अन्न बाहेरून आणावयाचें, तर घरांतील कोणीं जावें व कोणीं राहावें? उत्तरें मात्र निरनिराळीं आलीं. ज्यास आपण कुटुंबाची 'रीति' म्हणतों, ती पुष्कळ अंशीं ह्या उत्तरांतून घडली आहे.

पहिलें घर कुणब्याचें. येथें उत्तर असें आलें कीं, तरुण पुरुषानें मुंबईस जावें व बायकोनें शेत राखावें. मुंबईंत पहिली कापडगिरणी १८५० नंतरच्या दशकांत उभी राहिली. पुढें गिरण्या वाढत गेल्या, तसतसा कोंकणचा कुणबी गिरणगांवाकडे ओढला गेला. तेथें एका गांवचे वीस-पंचवीस जण मिळून एक खोली घेत, पाळीपाळीनें निजत, व खाणावळींत जेवत. ही खोली म्हणजे गांवाचा मुंबईंतील ओटाच असे. नवीन आलेल्या पोरास काम कोण लावील, आजाऱ्यास गांवीं कोण पोंचवील, ह्याचा निकाल तेथें होई. पैसा घरीं जाई तो मनीऑर्डरीनें. ही सोय टपालखात्यानें १८८० सालीं सुरू केली, आणि तिचा कोंकणाएवढा उपयोग क्वचितच दुसऱ्या कोणीं केला असेल. ज्या दिवशीं पोस्टमन दारांत येई, त्या दिवशीं वाण्याची उधारी फिटे, बियाणें येई, आणि मुलाच्या अंगावर नवा सदरा चढे.

बाप वर्षांतून दोनदां येई, गणपतीस आणि शिमग्यास. आजहि चाकरमानी त्याच दोन वेळीं येतो, फक्त बोटीच्या ऐवजीं बसनें किंवा कोंकण रेल्वेनें माणगांवास उतरून येतो. बोटीचा प्रवास काय होता, ह्याची आठवण ह्या किनाऱ्यावर अजून बुजली नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यांत बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. स्वातंत्र्याला एक महिनाहि उरला नव्हता. त्यांतील पुष्कळ जण सुटीसाठीं आपल्या घरीं येत होते.

आतां विचार करा कीं, असें घर आंतून कसें चालत असेल. नांगरणी, लावणी, कापणी, सासूचें आजारपण, मुलाचें लग्न, भावकीचा तंटा, हें सारें जी बाई निभावते, तिला सरकारी कागदावर घरचा कर्ता म्हणत नाहींत. कर्ता मुंबईस असतो. परंतु बैल विकावा कीं ठेवावा, हें ती ठरविते व मग पत्रानें कळविते. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें साऱ्या महाराष्ट्रांत दर हजार पुरुषांमागें ९२९ स्त्रिया होत्या. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यांत त्या अकराशेंहून अधिक होत्या. बाहेरचा मनुष्य हा आंकडा पाहून येथें मुली अधिक जन्मतात असें समजेल. खरी गोष्ट अशी कीं, तेथें पुरुष मोजण्यापुरतेहि घरीं नव्हते.

१८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले, आणि त्यांतील फार थोड्यांस पुन्हां गिरणींत जातां आलें. मनीऑर्डर आटली. पुष्कळ कामगार गांवीं परतले आणि त्यांचीं मुलें प्रथमच बापाबरोबर एका छपराखालीं राहूं लागलीं. हें सुख वाटावें. पण तसें सरळ नव्हतें. ज्या घराची घडी बायकांनीं वीस वर्षें बसविली होती, तींत रिकाम्या हातांनीं परत आलेल्या पुरुषास जागा सांपडेना. गरिबी माणसांस एकमेकांपासून दूर नेते, हें सर्वांस दिसतें. कधीं कधीं ती त्यांस अकस्मात् एकत्र आणूनहि घर मोडते, हें मात्र थोड्यांच्याच ध्यानांत येतें.

दुसरें घर कोंकणी मुसलमानाचें. ह्या किनाऱ्याचा अरबस्तानाशीं व्यापार फार जुना आहे, व समुद्रावर जाणें हा ह्या समाजाचा पिढीजाद मार्ग आहे. गलबतावर तांडेल, आगबोटीवर खलाशी, केपटाऊनांत दुकानदार, अशीं ह्या समाजाचीं माणसें दूरवर पसरलीं. १९७३ सालीं तेलाचे भाव एकदम चढले, आखाती देशांत रस्ते, बंदरें व इमारती उठूं लागल्या, आणि आमच्या खेड्यांतील तरुण कुवेत, दुबई, सौदी अरेबिया येथें गेले. मुंबईस गेलेला मनुष्य शिमग्यास येतो. आखातांत गेलेला दोन वर्षांनीं, आणि तोहि महिना-दोन महिन्यांपुरता. म्हणून ह्या घरानें आपला आधार निराळ्या रीतीनें बांधिला. मुलगी शक्यतों जवळच्या गांवांत, ओळखीच्या किंवा नात्यांतल्या घरीं देतात. नवरा परदेशीं असला तरी तिचें माहेर हांकेवर असतें. भाऊ, मामा, आजी ह्यांचा त्या घरांत वावर असतो. बाहेरून पाहणाऱ्यास वाटतें कीं, हीं माणसें आपसांतच सोयरीक करितात, हा त्यांचा संकुचितपणा. वास्तविक बाप दूर असल्यानें मुलांस जवळचीं माणसें पुरविण्याचा तो एक उपाय आहे.

ह्या उपायाची किंमत मात्र भरावी लागते. एक मुलगा आम्हांस निबंधांत लिहून देता झाला कीं, 'माझे अब्बा पाहुण्यासारखे येतात. ते आले कीं घरांत सर्व जण मोठ्यानें बोलत नाहींत.' ह्याहून अधिक काय लिहावें? शिवाय परदेशची नोकरी म्हणजे दुसऱ्याच्या राज्यावर टांगलेलें घर. २ ऑगस्ट १९९० रोजीं इराकनें कुवेत घेतलें, तेव्हां पाऊण-दोन लाखांच्या घरांत भारतीयांस विमानानें मायदेशीं आणावें लागलें. पुष्कळ जण आयुष्याची कमाई तेथेंच टाकून एका पिशवीनिशीं उतरले. असें असूनहि साऱ्या जगांत परदेशांतून घरीं येणाऱ्या पैशांत आपला देश पहिला आहे. २०२२ सालीं तो पैसा शंभर अब्ज डॉलरांच्या पलीकडे गेला. हे आंकडे वर्तमानपत्रांत अभिमानानें छापून येतात. त्यांमागें किती मुलांचे वाढदिवस बापावांचून गेले, ह्याची बेरीज कोणी करीत नाहीं.

तिसरें घर कोळ्याचें. दिघी, भरडखोल, जीवना ह्या बंदरांवर हें घर पाहावयास मिळतें. येथें पुरुष समुद्रावर जातो, परंतु तो रात्र-दोन रात्रींनीं परत येतो. म्हणून प्रश्न विरहाचा नसून अनिश्चिततेचा आहे. होडीवरील माणसांस ठराविक पगार नसतो, वांटा असतो. मिळालेल्या मासळींतून होडीचा भाग निघतो, जाळ्यांचा भाग निघतो, मग माणसांचा. मासळी लागली तर सर्वांस, न लागली तर कोणासच नाहीं. मासळी किनाऱ्यास लागली कीं पुरुषाचें काम संपलें. ती निवडणें, वाळविणें, बाजारांत नेऊन भाव करणें, आणि आलेला पैसा कनवटीस लावणें, हें कोळिणीचें काम. त्यामुळें ह्या घरांत पैशाची किल्ली बाईकडे असते, व नवरा खर्चासाठीं तिच्याकडे मागतो. ही गोष्ट ऐकून वर्गांतील इतर मुलें हंसतात. परंतु त्यांनीं लक्षांत घ्यावें कीं, जो धंदा ज्याच्या हातीं पुरा होतो, पैसा त्याच्याच हातीं येतो. स्त्री दुर्बळ आहे कीं समर्थ आहे, हें बहुधा तिच्या स्वभावापेक्षां बाजार कोणाच्या डोकीवर आहे, ह्यावरून ठरतें. जून व जुलै महिन्यांत माशांच्या पैदाशीसाठीं यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत सुकी मासळी आणि कोळिणीनें बाजूला टाकलेला पैसा ह्यांवर घर चालतें. नारळी पौर्णिमेस दर्यास नारळ अर्पून मग नवा हंगाम धरितात.

चवथें घर कातकऱ्याचें, आणि त्याविषयीं लिहितांना लेखणी जड होते. वरील तिन्ही समाजांत घरांतील एकजण बाहेर जातो आणि चूल येथें राहते. कातकरी जातो तेव्हां चूलच उचलून नेतो. खैराच्या लांकडापासून कात काढणें हा त्यांचा पूर्वींचा धंदा. त्यावरूनच हें नांव पडलें. वनें सरकारच्या ताब्यांत गेलीं, खैर तोडण्यास बंदी आली, आणि धंदा बुडाला. जमीन बहुतेकांस नव्हतीच. पावसाळ्यांत दुसऱ्याच्या शेतांत मजुरी मिळते; पावसाळा संपला कीं वीटभट्टीचा किंवा कोळसाभट्टीचा मुकादम वाडीवर येतो व आगाऊ पैसे देतो. ह्यास उचल म्हणतात. उचल घेतली कीं दिवाळीनंतर नवरा, बायको, मुलें, कोंबड्या, मडकीं, सारें एका ट्रकांत चढतें व पुढला पावसाळा जवळ आला म्हणजे परततें. उचल फिटली नाहीं तर पुढील वर्षींहि तेथेंच जावें लागतें. असें ऋण दाखवून माणसास बांधून ठेवणें १९७६ च्या कायद्यानें गुन्हा ठरविलें आहे, हें प्रत्येक विद्यार्थ्यानें पाठ करून ठेवावें आणि वाडीवर जाऊन सांगावें.

कोणी म्हणतात, कातकऱ्यांस मुलांच्या शिक्षणाची आस्था नाहीं. आम्हींहि एके काळीं तसें म्हणत असूं. पांचवींतील एक मुलगी आमच्या स्मरणांत आहे. तिचें अक्षर मोत्यासारखें होतें. दिवाळीची सुटी संपली व ती आली नाहीं. दोन महिने वाट पाहून तिचें नांव पटावरून कमी करण्यांत आलें, आणि तें आम्हींच केलें. जून महिन्यांत ती दाराशीं येऊन उभी राहिली. तिच्या हाताची कातडी विटा उचलून फाटली होती. तिनें विचारिलें, "माझी जागा आहे का?" जागा होती, परंतु ती आतां पांच महिने मागें पडली होती, व वर्गांतील मुलींनीं तिला आपल्या बांकावर घेतलें नाहीं. ती वर्षभर टिकली नाहीं. मुलांस बरोबर नेणें ही त्या आईबापांची अनास्था नव्हती. मागें ठेवावयास घरांत दुसरें माणूसच नव्हतें, आणि सहा वर्षांच्या मुलास रिकाम्या झोंपडींत ठेवून जाणारा बाप आपल्यापैकीं कोण आहे? १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास विनामूल्य शिक्षणाचा हक्क कायद्यानें मिळाला आहे. हंगामापुरतीं वसतिगृहें काढून आईबाप भट्टीवर असतां मुलांस गांवींच ठेवण्याचा प्रयत्नहि महाराष्ट्रांत चालतो. जेथें वाडीवरच्याच एखाद्या आजीला मुलांची देखरेख करावयास नेमितात, तेथें आईबापांचा विश्वास लवकर बसतो. कारण मुलास अन्नाइतकेंच ओळखीचें तोंडहि लागतें.

पांचवें घर आतां बंद आहे. ह्या किनाऱ्यावर बेने इस्रायल लोक शेंकडों वर्षें राहिले. गलबत फुटून अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यास आपले पूर्वज लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलघाणा चालवीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत; म्हणून शेजारी त्यांस शनवार तेली म्हणत. दिवेआगराचे ते दिवेकर, राजपुरीचे ते राजपुरकर, पेणचे ते पेणकर. मुंबईंतील त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर १७९६ सालीं सॅम्युएल दिवेकर नांवाच्या गृहस्थानेंच बांधिलें. घरांत ते मराठी बोलत. एलीया संदेष्ट्याच्या स्मरणार्थ पोहे, खोबरें, साखर व फळें ह्यांचा मलिदा करीत; मराठी कीर्तनांतून बायबलांतील कथा गात. जॉन विल्सन ह्यांनीं १८३२ सालीं मराठींत हिब्रू व्याकरण छापिलें, तें मुख्यतः ह्याच लोकांच्या उपयोगासाठीं.

१९४८ सालीं इस्रायल राष्ट्र झालें, आणि पुढील वर्षांत हीं कुटुंबें एकामागून एक निघून गेलीं. कोणी त्यांस येथून हांकलिलें नाहीं. शेजाऱ्यांनीं त्यांस डोळे पुसून निरोप दिला, असें वृद्ध लोक सांगतात. परंतु तेथें गेल्यावर त्यांची परीक्षा झाली. हीं माणसें खरीं यहुदी कीं नव्हेत, त्यांच्याशीं लग्नसंबंध करावा कीं नाहीं, असा संशय तेथील कांहीं धर्माधिकाऱ्यांनीं काढिला. ह्या लोकांनीं त्याविरुद्ध चळवळ केली, व १९६४ सालीं तेथील लोकसभेनें ते सर्वस्वीं समान आहेत असें जाहीर केलें. येथें जे 'शनवार तेली' म्हणून वेगळे होते, ते तेथें 'हिंदुस्थानी' म्हणून वेगळे ठरले. आज अश्दोद, लोद, बीरशेबा, दिमोना ह्या शहरांत त्यांच्या घरीं मलिदा होतो, आणि म्हाताऱ्या बायका नातवंडांवर मराठींत रागावतात. कुटुंब आपली भूमि सोडूं शकतें. परंतु रागावण्याची भाषा त्याला लवकर सोडवत नाहीं.

येथें कोणी विचारील, 'हें सारें गरीब देशाचें झालें. सुधारलेल्या देशांत कुटुंब सुखानें एकत्र राहत असेल.' तर ज्या परदेशी मिशनऱ्यांनीं आमच्यासारख्या शाळा काढिल्या, त्यांचेंच उदाहरण घ्या. ते आपलीं मुलें सहा-सात वर्षांचीं झालीं कीं शिक्षणासाठीं समुद्रापार किंवा दूरच्या डोंगरावरील वसतिगृहांत धाडीत. कोडाईकनाल येथें १९०१ सालीं अमेरिकन मिशनऱ्यांची शाळा निघाली ती अशाच मुलांसाठीं. त्या आयाहि बंगल्याच्या व्हरांड्यांत पत्राची वाट पाहत बसत. त्यांच्या विरहास लोक त्याग म्हणत आणि आमच्या खलाशाच्या विरहास बेजबाबदारपणा म्हणत. दोन्ही घरांतील मुलाची उशी मात्र सारखीच भिजत असे.

अशीच दुसरी एक समजूत आहे कीं, गरिबांस मुलें पुष्कळ होतात, कारण त्यांस विचार नसतो. जेथें चारांतलीं दोन मुलें तापानें जात आणि म्हातारपणीं पेन्शन नसे, तेथें अधिक मुलें हाच विमा होता. मुलें जगूं लागलीं, मुली शिकूं लागल्या, तशीं कुटुंबें आपोआप लहान झालीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांत दर स्त्रीमागें सरासरी १.७ मुलें आढळलीं. लोक उपदेशानें बदलले नाहींत, परिस्थिति बदलली तेव्हां बदलले.

घराच्या मालमत्तेविषयींहि हेंच. हिंदु घरांत मुलगी परक्याचें धन मानीत. २००५ सालच्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित इस्टेटींत तिला मुलाइतकाच हक्क मिळाला. मुसलमान घरांत मुलीचा वांटा मुलाच्या निम्मा, पण तो पूर्वींपासून निश्चित आहे. ख्रिस्ती घरांत १९२५ च्या कायद्याप्रमाणें मुलगा व मुलगी समान. परंतु कायदा कोणताहि असो, माहेर तुटूं नये म्हणून भावांच्या लाभासाठीं सही करून हक्क सोडणाऱ्या बहिणी आम्हीं तिन्ही समाजांत पाहिल्या आहेत. कातकरी बहिणीस सोडावयास हक्काची जमीनच नसते. रीति वेगळ्या असल्या तरी बहिणीची भीति एकच आहे.

हीं घरें खरोखर एकमेकांपासून किती दूर आहेत, ह्याचा निकाल ३ जून २०२० रोजीं लागला. देशांत साथीमुळें टाळेबंदी होती. चाकरमानी मुंबईहून मिळेल त्या वाटेनें, कित्येक पायीं, घरीं आले होते. आखातांतले तिकडेच अडकले होते. त्या दिवशीं 'निसर्ग' वादळ ह्या किनाऱ्यावर आदळलें. श्रीवर्धन, म्हसळा व मुरूड तालुक्यांत छपरें उडालीं, आणि सुपारी-नारळीच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचें झाड फळावर यावयास सहा-सात वर्षें लागतात. म्हणजे एका दिवसांत पुढील कित्येक वर्षांचें उत्पन्न गेलें. वीज नव्हती, फोन नव्हते. दूर असलेल्या बापांस आपलीं घरें उभीं आहेत कीं नाहींत, हें कांहीं दिवस कळलें नाहीं. त्या दिवसांत आम्हीं पाहिलें कीं, ज्याच्या घरावर कौलें राहिलीं होतीं त्याच्याकडे ज्याचीं उडालीं तो निजावयास गेला. कोणाचें आडनांव काय, हें विचारण्यास सवड नव्हती. वाडीवरच्या कातकऱ्यांनीं रस्त्यावरचीं झाडें तोडून वाट मोकळी केली, आणि ज्या अंगणांत त्यांस एरवीं कोणी बोलावीत नसे, तेथें त्यांस भाकरी मिळाली. ती वाट मोकळी राहिली. तें अंगण पुढेंहि तसेंच मोकळें राहिलें, असें मात्र आम्हांस म्हणवत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या बांकावर शेजारीं बसणाऱ्याचें घर तुमच्यासारखें नसेल. त्याचा बाप दोन वर्षांनीं येत असेल, त्याच्या आईच्या कनवटीस घरचा पैसा असेल, किंवा फेब्रुवारींत त्याची जागा रिकामी राहत असेल. त्याला हंसण्यापूर्वीं एवढेंच विचारा, 'तुझ्या घरीं कोण कोण असतें?' जागा रिकामी असेल तर त्याची वही तुमच्यापाशीं जपून ठेवा व धडे उतरून ठेवा. परत येणाऱ्यास पांच महिन्यांचें अंतर अर्ध्यानें कमी होईल. आणि पालकांस आमची विनंती अशी कीं, दूर असलां तरी प्रगतिपुस्तकांतील गुण फोनवर विचारूं नका, आधीं मूल काय जेवलें तें विचारा. गुण आम्ही कळवूंच.

आमच्यापुरतें आम्हीं एक लहानसें काम केलें आहे. आमच्या वर्गाच्या प्रगतिपुस्तकावर 'वडिलांची सही' हीं अक्षरें होतीं, तेथें आम्ही हातानें 'घरीं सांभाळ करणाराची सही अथवा अंगठा' असें लिहितों. गेल्या वर्षीं त्या रकान्यांत आईच्या सह्या होत्या, आजोबांच्या होत्या, एका थोरल्या बहिणीची होती, आणि अंगठेहि बरेच होते. पांचवींतल्या त्या मुलीची वही मात्र अद्याप आमच्या कपाटांत आहे. ती कोणाकडे द्यावी, हें आम्हांस ठाऊक नाहीं.